प्रोफेसरबाईंचा राग

आमच्या प्रोफेसरबाईंना राग लपवता येत नसे, आणि तो लपवावा असं त्यांना वाटतही नसे. नाकाचा शेंडा लाल व्हायचा, पदर कमरेला खोचला जायचा आणि आवाज थेट रस्त्यापर्यंत पोचायचा. पांढुर्ण्यात चांगल्या घरच्या बाईनं हळू बोलावं, अशी रीत. बाई म्हणायच्या, "हळू बोलून बोलून आपल्या आया मेल्या. मी जोरानंच बोलीन."

कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. सुटीच्या दिवशी आम्हा काही मुलींना घेऊन सौंसरकडच्या गावांत जायच्या आणि बायका दिवसभर काय काय कामं करतात, याची माहिती गोळा करायच्या. रामाकोन्याला एक दादा ओसरीवर पाय पसरून बसले होते. म्हणाले, "आमची काही नाही करत वो मॅडम, घरीच असते." तेवढ्यात 'आमची' कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकातून आत आली. बाईंनी ते गाठोडं उतरवून दादांच्या पुढ्यात ठेवलं. "हे डोक्यावर घ्या अन् शेतापर्यंत जाऊन या. मग मी लिहिते, ही काही करत नाही म्हणून." दादा हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी दादांना गाठोडं उचलावं लागलं. फाटकापर्यंत गेले आणि कंबर धरून परत आले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवऱ्याला सोडून बाई पांढुर्ण्यात एकट्या राहत. एका हळदीकुंकवात कोणीतरी त्यावरून टोमणा मारला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ज्याच्या हातचा मार खाल्ला, त्याच्या नावानं कुंकू लावू काय?" तेव्हापासून त्यांना कोणी बोलावेना. त्यांना काही वाटत नाही, असं लोक समजत. पण संक्रांतीच्या संध्याकाळी त्या दार लावून आत बसून राहायच्या, हे मी पाहिलं आहे.

बोरगावची शालू माझ्या वर्गात होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना संस्थेच्या सचिवांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि अंगाशी ओढलं. ती कशीबशी सुटली, चपला तिथंच टाकून पळाली आणि बाईंच्या वर्गात शिरली. बाईंनी तास थांबवला. तिला बाजूला नेऊन पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, तुला काय करायचं आहे?"

शालू म्हणाली, "मले रिपोर्ट करायची आहे."

बाई तिला घेऊन निघाल्या, तर प्राचार्यांनी दोघींना आपल्या खोलीत बसवून घेतलं. "मॅडम, पोरीच्या भविष्याचा विचार करा. उद्या लग्न जमणार नाही तिचं."

बाईंचा आवाज चढला. "भविष्य तिचं काहून खराब होईल? ज्यानं केलं, तो तर इथं चहा पिऊन राहिला!"

मी दारातून पाहत होते, सचिव खरोखरच समोर बसून चहा पीत होते. बशी खाली ठेवण्याइतकीही त्यांची धांदल झाली नाही. ती बशी आठवली की आजही माझं डोकं तडकतं.

पोलिसात रिपोर्ट झाली. मग गाव शालूच्या नाही, बाईंच्या मागे लागलं. नवरा टाकलेली, पोरींना बिघडवणारी, असं मोबाइलवर वाट्टेल ते फिरू लागलं. संस्थेनं बाईंना कामावरून काढलं. शालूला अनवाणी पळताना पाहिलेल्या ऑफिसातल्या दोन्ही बाबूंनी कोर्टात सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. सचिवसाहेब निर्दोष सुटले आणि चौकात फटाके फुटले. ज्यांच्या घरी पोरी आहेत, अशांनीही फोडले.

त्या दिवशी शालू बाईंच्या घरी येऊन रडली. "मॅडम, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

बाई तिच्यावरच कडाडल्या. "तुझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे गेली! वाक्य नीट बोल, शालू. कर्ता कोण आहे, ते विसरायचं नाही."

मग तिला जवळ घेऊन त्याही रडल्या.

पुढं शालू नर्स झाली. बाई मोहगावला एका भाड्याच्या खोलीत बायकांच्या बैठका घेत राहिल्या. मारहाणीचा खटला असो की माहेरच्या शेतातला हिस्सा, बाई बरोबर जायच्या. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या दवाखान्यात त्या वारल्या. शेवटपर्यंत शालू जवळ होती.

आणि मग कॉलेजनं शोकसभा ठेवली. ज्या कॉलेजनं त्यांना काढलं, त्याच कॉलेजनं. सचिव आता अध्यक्ष झाले होते. त्यांनी फोटोला हार घातला आणि माइकवर म्हणाले, "बाई मला सख्ख्या बहिणीसारख्या. स्वभाव जरा तापट, पण मन निर्मळ."

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. शालू मंचावर चढली होती. माइकला तिनं हातही लावला नाही.

"खोटं बोलून राहिले तुम्ही," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तिनं टेबलावरचा फोटो हारासकट उचलला, छातीशी धरला आणि मधल्या वाटेनं बाहेर चालू लागली. मोहगावच्या बायका एकीमागून एक उठल्या. मीही उठले. अध्यक्ष "बसा, बसा" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा शिपाई शालूच्या दारात उभा. बिचारा ओशाळला होता. "ताई, साहेबानं सांगितलं, फोटो परत पाहिजे. फ्रेम संस्थेची आहे म्हणते."

शालूनं फ्रेमचे खिळे काढले, फोटो बाहेर घेतला आणि रिकामी फ्रेम साहेबांच्या हारासकट त्याच्या हातात दिली.

"अन् फोटो?" त्यानं चाचरत विचारलं.

"फ्रेम संस्थेची आहे ना, ने," शालू म्हणाली. "बाईले तर संस्थेनं कधीचंच काढून टाकलं."