बाहेर मम्मी म्हणायचं

"आडनाव काय शे तुम्हनं?" घरमालकीण बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मुलीकडे. ती ओट्यावरच्या झोक्यावर बसली होती. सात वर्षांची पोर, उन्हातून चालून आलेली. पाय हलवत होती.

"ऊठ व पोरी. तठे नको बसू."

ती उठली. बाई आत गेल्या, ओलं फडकं घेऊन आल्या आणि झोक्याची फळी पुसली. दोनदा पुसली. माझ्यासमोर. मग म्हणाल्या, "आम्हले घर देनं नही. मन्हा पोऱ्या येनार शे ऱ्हावाले."

फाटकावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. ती त्यांनी काढली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी बघितली, तिथंच होती.

मी त्यांना काय म्हणाले? "बरं काकू, धन्यवाद."

त्या धन्यवादाची मला आजही शरम वाटते. फडकं त्यांचं होतं. धन्यवाद माझा होता.

मी जमीन मोजणीच्या कार्यालयात लिपिक आहे. अक्कलकुव्याहून शहाद्याला बदली झाली तेव्हा मुलगी दुसरीत जाणार होती, मुलगा पाच वर्षांचा होता. नवरा धडगावकडच्या आश्रमशाळेत मास्तर. शनिवारी येतो, रविवारी दुपारची गाडी पकडतो. म्हणजे घर शोधायचं मी, शाळा शोधायची मी, दोन मुलांना हाताला धरून.

सरकारी क्वार्टर होते. त्यांचं छत खाली आलेलं, कोणी राहत नव्हतं. बायपासच्या पलीकडे एक वस्ती होती. आमच्याच, आदिवासी लोकांची. डोंगरातून मजुरीला उतरलेली माणसं. दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला गुजरातमध्ये जाते आणि तिथल्या शाळेतले वर्ग रिकामे होतात. आणि तिसरी होती ती कॉलनी. रुंद रस्ते, दारात नळ, चालत जाता येईल अशी शाळा. मला ती कॉलनी हवी होती. मी लपवत नाही. माझ्या मुलांना चांगली शाळा हवी आणि संध्याकाळी ती माझ्याजवळ हवीत, एवढंच मला हवं होतं.

कारण मी सहा वर्षांची असताना मला आश्रमशाळेत टाकलं होतं. घरी दिवाळीला यायचं आणि होळीला. मधल्या महिन्यांत आईचा चेहरा आठवायला बसावं लागायचं. डोळे मिटून बसायची मी, आधी तिचं नाक आठवायचं, मग कपाळ. असं माझ्या मुलांनी बसायचं नाही, हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं.

आठ घरं बघितली. आठही ठिकाणी मुलगा येणार होता, नाहीतर पाहुणे येणार होते, नाहीतर रंगकाम निघालं होतं.

आमच्या ऑफिसात एक शिपाई होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते म्हणाले, "मॅडम, आडनाव कसाले सांगतस तुम्ही? सरकारी नोकरी शे, एवढंच सांगा."

"आणि विचारलं तर?"

 मग नानांनीच मला सरांकडे नेलं.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कॉलनीत दुमजली घर. वर स्वतः राहायचे, खालच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचे. त्यांनी आडनाव विचारलं, मी खरं सांगितलं. ते हसले. बसा म्हणाले. चहा आला, कपबशीतून आला. माझे डोळे भरून आले. कपबशीतून चहा मिळाला म्हणून माझे डोळे भरून आले, हे मी आज लिहिते आहे.

"मी जातपात मानत नाही," सर म्हणाले. "पण आजूबाजूला माणसं राहतात. त्यांचाही विचार करावा लागतो." मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. ये-जा मागच्या दारानं करायची. गावाकडची माणसं मुक्कामाला आणायची नाहीत. घरात मासे सुकवायचे नाहीत, वास येतो. "आणि एक. अंगणात तुमची भाषा नको. मुलांच्याच भल्याचं सांगतो. शाळेत जड जाईल त्यांना."

शाळा त्यांच्या ओळखीची होती. संस्थेत त्यांचा शब्द चालायचा. तोच शब्द टाकून त्यांनी माझ्या दोन्ही मुलांना प्रवेश मिळवून दिला. मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "सरांनी सांगितलं म्हणून घेतोय. एरवी तुमच्यासाठी आश्रमशाळा आहेतच की. तिथं जेवणपण मिळतं."

मी मान डोलावली.

त्या दिवसापासून माझं घर आणि माझ्या मुलांची शाळा एका माणसाच्या हातात गेली. घर सोडलं तर शाळेतला शब्द जाणार. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी सामान लावलं.

आमच्यात आईला याहा म्हणतात. मुलं मला याहाच म्हणायची. पहिल्याच आठवड्यात मुलगा अंगणातून ओरडला, "याहा!" वरच्या गॅलरीतून दोन डोकी खाली वाकली. मी धावत बाहेर गेले, त्याला आत ओढलं, दार लावलं आणि दोघांना समोर बसवलं.

"घरात याहा म्हणायचं. बाहेर मम्मी म्हणायचं."

"का?" मुलानं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

सरांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. कोणीच दिली नाही. माझ्या मुलांच्या तोंडातून त्यांच्या आईचं नाव मी काढलं. माझ्या हातानं.

मुलगी लवकर शिकली. इतकी लवकर की मला भीती वाटायला लागली. ती घरातही मम्मी म्हणू लागली. शाळेतून आली की दप्तर ठेवायची आणि भावाला तपासायची. आज वर्गात काय बोललास? कोणापुढे बोललास? त्याच्या तोंडून आमच्या बोलीतला शब्द निघाला की ती त्याला चिमटा काढायची. पाच वर्षांचा पोरगा बोलायचाच थांबला. वर्गाच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, मुलगा वर्गात उत्तर देत नाही.

माझी आई एकदा बाजाराला म्हणून गावाहून आली. डोक्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी. मी तिला एसटी स्टँडवरच भेटले. तिथंच बाकावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या आणि मी तिला परतीच्या गाडीत बसवलं. "घर बघायचं होतं तुझं," ती म्हणाली. मी म्हणाले, पुढच्या वेळी.  खिडकीतून तिनं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं.

मग तो रविवार आला.

दुपार होती, नवरा गाडीला गेला होता. सर वरून खाली येऊन अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. मुलं नळापाशी खेळत होती. मी आत भाकरी थापत होते. धप्प असा आवाज आला. मी थांबले. मूल पडलं की रडतं, मी त्या रडण्याची वाट बघितली. रडणं आलं नाही.

मी बाहेर गेले. मुलगा नळाच्या दगडी कट्ट्यावर हनुवटीवर पडला होता. हनुवटी फाटली होती, शर्टावर रक्त उतरत होतं. तो बसला होता आणि मुलगी त्याच्यामागे गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून होती. तिची बोटं रक्तानं भरली होती. त्याचे डोळे मोठे झाले होते. ती त्याच्या कानात म्हणत होती, "ओरडू नको. सर बसलेत. ओरडू नको."

सरांनी पेपर खाली घेतला. रक्त बघून ते उठलेही. "दवाखान्यात न्या लगेच," म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. मग माझ्या मुलीकडे बघून, अगदी कौतुकानं, म्हणाले, "मुलगी शहाणी आहे तुमची. किती लवकर शिकली."

मी मुलीचे हात धरले. सुटत नव्हते. एकेक बोट उचलून काढावं लागलं.

"शिकली नाही सर," मी म्हणाले. "घाबरली आहे. तुम्हाला नाही. मला."

मग मी मुलाला उचललं आणि आमच्या बोलीत त्याला सांगितलं, रड. मोठ्यानं रड. हवी त्याला हाक मार. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला विश्वास वाटेना. मी पुन्हा सांगितलं, अंगणात उभी राहून, मोठ्या आवाजात. गॅलरीत माणसं जमली. तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. "याहा" म्हणून असा ओरडला की त्याचा आवाज फाटला. मुलगी नळापाशी उभी होती. तिनं स्वतःचे कान झाकून घेतले होते.

हनुवटीला तीन टाके पडले.

संध्याकाळी सरांनी निरोप पाठवला, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. पुढच्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मुलांना इथं जुळवून घेता येत नाहीये. दुसरीकडे बघा. तुम्ही दाखल्यासाठी अर्ज द्या, मी लगेच करते."

सरकारी ऑफिसात मी अकरा वर्षं काढली आहेत. अर्ज कोणाकडून मागायचा असतो आणि कशासाठी, हे मला माहीत आहे. माझ्या सहीनं माझी मुलं बाहेर जाणार होती.

"मी अर्ज देणार नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काढायची असतील तर लेखी द्या. कारण लिहा. खाली सही करा, शिक्का मारा."

"वाद कशाला घालता? आम्ही तुमच्या भल्याचं—"

"लेखी द्या, बाई."

त्यांनी लिहून दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही. मुलं त्याच शाळेत आहेत.

आम्ही बायपासपलीकडच्या वस्तीत राहायला आलो. पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात तापते. सकाळी दोघांना स्कूटीवर शाळेत सोडते. इथं सगळं आपलं झालं असं मात्र नाही. वस्तीतल्या बायका बरेच दिवस माझ्याशी मराठीत बोलायच्या. ऑफिसातली बाई म्हणून. मी आमच्या बोलीत उत्तर दिलं की एकमेकींकडे बघायच्या. त्यांचंही बरोबर होतं. जागा मिळाली असती तर मी इथं आले नसते, हे त्यांना माहीत होतं.

मुलगा बोलायला लागला आहे, जरा जास्तच. मुलगी नाही. तिच्या वर्गात तिच्याशेजारी कोणी बसत नाही. ती माझ्यावर रागावलेली आहे. एकदा जेवताना तिनं विचारलं, "त्यांना आपण नको आहोत ना?"

"नको आहोत," मी म्हणाले.

"मग आपण का जायचं?"

"ती शाळा त्यांच्या एकट्याची नाही, म्हणून."

तिला ते पटलं नाही. ताट सरकवून उठून गेली. माझा हट्ट ती भोगते आहे, हे मला दिसतं. दाखला काढला तर ती उद्या हसेल, हेही दिसतं. तरी मी काढणार नाही. मी तिला एकदा गप्प बसायला शिकवलं आहे. आता निघून जायला शिकवणार नाही.

खासगी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. फी सरकार भरतं. वस्तीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं तरी अर्ज मोबाइलवर भरायचा, कागद जोडायचे, ते कोण करणार? यंदा अर्ज सुटल्यावर मी रविवारी खोलीबाहेर सतरंजी टाकून बसले. त्याच शाळेचं नाव टाकून पाच मुलांचे अर्ज भरले. आणखी दोघांच्या आयांनी नको म्हटलं, त्या ऊसतोडीला मुलं बरोबर नेतात. एक शेजारीण मुलाला कडेवर घेऊन सतरंजीपाशी आली. मग आमच्या बोलीत म्हणाली, "तिथं माझ्या पोराला हसले तर?"

"हसतील," मी म्हणाले. "म्हणून एकटं नाही पाठवायचं. जन्माचा दाखला आण."