बिनचमच्याचा चहा

पंपाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईला सगळे गेजताई म्हणत. हातात कायम माप तपासायचं गेज, म्हणून गेजताई. तिच्यामागच्या फळ्यावर रोज नापास मालाचे आकडे लिहायचे असत, आणि ते वाचायला कोणी फिरकत नसे. मग तिने युक्ती काढली. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक गमतीचं बोलणं लिहायचं, आणि खाली ते कुठून आलं तेही.

कारखान्यात मुलखामुलखाची माणसं होती. क्रेनवाल्याच्या गावात रेंगाळणाऱ्या माणसाला ‘हा निघेपर्यंत याच्या बुटांना पालवी फुटते’ म्हणत. स्टोअरमधल्या काकूंच्या किनाऱ्यावर बडबड्याबद्दल बोलत, ‘याच्या तोंडाला कुलूप घाला, किल्ली बोलायला लागेल.’ लोक हसायला फळ्यापाशी येत आणि जाता जाता आकडेही वाचत. नापास माल निम्म्यावर आला. ताईची मान ताठ झाली.

दादा वेल्डर डोंगरापलीकडचा. पंचावन्नचा, मोजकं बोलणारा. एकदा जेवणाच्या सुट्टीत दोघंच असताना तो म्हणाला, “आमच्याकडे ज्याचा हात थरथर कापतो त्याला म्हणतात, याला साखर ढवळायला चमचा लागत नाही.”

ताईला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

“माझ्या बापाला म्हणायचे,” दादा म्हणाला. “आता माझाही हात कापायला लागलाय. वेल्डिंग करताना मनगट टेकवतो, मग नाही हलत. तुला म्हणून सांगितलं.”

“माझ्या पोटातच राहील, दादा.”

आणि राहिलंही, आठवडाभर. मग एका सकाळी डोकं रिकामं, नापास आकडे मोठे, आणि खडू हातात. तिने स्वतःला समजावलं की नाव कुठे लिहायचंय? वाक्य लिहिलं. ज्याचं त्याला श्रेय द्यायची सवय हाडीमाशी खिळलेली, तेव्हा खाली लिहिलं, ‘डोंगरापलीकडून’. डोंगरापलीकडचा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा चहाची सुट्टी झाली होती.

क्रेनवाल्याने दादाच्या पुढचा चमचा उचलला. “तुम्हाला कशाला हा? साखर हातच ढवळतो की.”

सगळे खिदळले. दादाही हसला. दोन्ही हातांनी पेला उचलायला गेला आणि चहा टेबलावर सांडला. नेमके मॅनेजरसाहेब दारात. त्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. दुपारी दादाला पॅकिंगवर पाठवलं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोळ्या लाटत होता. “तुझी जीभ सुटली म्हणायचं की खडू?” त्याने विचारलं. एरवी ती हसली असती.

दुसऱ्या दिवशी ती दादा कामाला लागल्यापासूनच्या चौदा महिन्यांच्या नोंदी घेऊन साहेबांकडे गेली. दादाचा एकही जोड नापास नव्हता.

“हात तर कापतो ना?” साहेब म्हणाले. “तुम्हीच लिहिलंत. ठीक आहे, सगळ्यांसमोर एक जोड करू दे. तुम्ही तपासा. तपासणीत उतरला तर परत वेल्डिंगवर.”

ती पॅकिंगमध्ये गेली. दादा खोक्यांना पट्ट्या लावत होता.

“दादा, फळ्यावर मी लिहिलं.”

“अक्षर ओळखतो मी तुझं.” त्याने पट्टी ओढून घट्ट केली. “तुला एकटीला सांगितलं होतं, ताई.”

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

चाचणीला सगळा कारखाना गोळा झाला. चौदा महिने ज्या हाताकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्यावर आता चाळीस डोळे. दादाने मनगट टेकवलं, ठिणगी पडली, जोड सरकत गेला. अर्ध्यावर क्रेनवाला खाकरला. नुसता घसा साफ केला त्याने. दादाचा खांदा दचकला, पण जोड पुरा झाला.

थंड झालेला तुकडा ताईच्या टेबलावर आला. गेज बसलं. जाडी बरोबर, कड बरोबर. तिने दिव्याखाली धरून भिंग लावलं. टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. तिच्याशिवाय कोणाला ते दिसलं नसतं. चिमूटभर खोटं, आणि तिने मोडलेलं सगळं जोडलं गेलं असतं. तिची पेन्सिल ‘पास’च्या रकान्यावर जाऊन थांबली. मग तिला दिसलं की हा तुकडा पंपात बसणार, तो पंप कोणाच्या तरी घरात लागणार, आणि आपण आपल्याच मनाची टोचणी काढायला तो तिथे पाठवतोय.

दादा टेबलाशी वाकला. हळूच विचारलं, “गळेल?”

“गळेल, दादा.”

“मग थांबलीस कशाला?”

तिने ‘नापास’ लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. साहेब मान हलवून निघून गेले, माणसं पांगली, क्रेनवाला बुटांकडे बघत राहिला.

“माझ्यामुळे झालं हे,” ती म्हणाली. “दादा, माफ करा मला.”

दादाने वेल्डिंगचे जाड हातमोजे काढले, घडी केली, तिच्या टेबलावर ठेवले. मग पॅकिंगकडे चालू लागला. पॅकिंगच्या दारातून त्याचा आवाज ऐकू आला. तो तिथल्या बाईंना विचारत होता, खोकी बांधताना पट्टीच्या कडेने बोटं कापतात, माझ्या मापाचे पातळ मोजे मिळतील का.