मिश्रीवर अंबाडीचा उतारा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण उद्या तुमचं तोंड पाहायची वेळ माझ्यावर येणार नाही.

मी मेहकरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझं संशोधन अंबाडीच्या पाल्यावर. पाल्याचा अर्क काढायचा, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि काय होतं ते पाहायचं. काही पेशी मेल्या. बशीत मेल्या — माणसात नाही. तेवढा अर्क मिळवायला गाडीभर पाला खावा लागेल, आणि खाल्ला तरी पोटात त्याचं पुढे काय होतं, हे मी कधी तपासलेलंच नाही. एवढंच माझं ज्ञान.

माझी मोठी जाऊ जानेफळला असते. अक्का. ती मला कधी आवडली नाही, आणि मी तिला. मी घरात पाय टाकला की ओसरीवरून आवाज यायचा, "आली वं पालेवाली मास्तरीण!" माझी भाकर फाटली की ती शेजारणींना हाक मारून दाखवायची. वर्षानुवर्षं.

भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत गावातल्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. देवळाच्या ओट्यावर मी बशीतल्या पेशींची गोष्ट रंगवून सांगितली. फार रंगवली. मग अक्का उठली. कमरेची मिश्रीची डबी काढून सगळ्यांना दाखवत म्हणाली, "काऊन वं मास्तरीण, कॅन्सर तुया पाल्यानंच मरते ना? मंग मी हे काऊन सोडू?"

बायका हसल्या. उत्तर दोन शब्दांचं होतं — मिश्री सोडा. जाळलेली तंबाखू रोज हिरड्यांना चोळली की तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, यात शंकेला जागा नाही. अंबाडीचा मात्र सगळा अंदाज. पण समोर बसलेल्या निम्म्या बायकांचे दात काळे होते. आणि अक्का पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होती — चारचौघींत. मी म्हणाले, "अंबाडी खात राहा अक्का, चांगलीच असते." टाळ्या पडल्या.

तिथून ती रीतच पडली. सकाळी मिश्री घासायची आणि वर अंबाडीचा घास खायचा. "घासली का खाल्ली, फिट्टमफाट!" अक्का सांगत फिरायची. मी ऐकायचे. खोडून काढायचे नाही.

एवढीच कबुली आहे, असं वाटलं तुम्हाला? हा नुसता मिरवायचा सोस झाला. तो कुणाला नसतो? खरं पुढे आहे.

पुढच्या वर्षी आम्ही अंगणात अंबाडी निवडत बसलो होतो. अक्का शेजारणीला सांगत होती, "हिच्या हाताले चव नाही वं, म्हणून हे पाला शिजवत नाही, त्याचा अर्क काढते!" आणि मान मागे टाकून हसली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात असा चट्टा दिसला तर लगेच दाखवावा लागतो. हे मला माहीत नव्हतं? मला माहीत होतं. अक्का, उद्या दवाखान्यात चला — एवढं वाक्य. ते दातांपर्यंत आलंही.

मी ते गिळलं. भीतीनं नाही, विसरून तर नाहीच. आधी मनात आलं — मरू दे, मला काय करायचंय. मग आलं — हिला दवाखान्यात नेलं तर मास्तरणीचा पाला खोटा निघाला, हे गावभर होईल. याच क्रमानं. मी देठं खुडत राहिले.

त्यानंतरही मी जानेफळला जात होते. दरवेळी ती हसली की तिच्या तोंडात पाहत होते — चट्टा वाढलाय का ते. वाढत होता.

तिखट सोसेनासं झालं तेव्हा तिच्या मुलानं तिला नागपूरला नेलं. गाल कापला, अर्धा जबडा काढला. आता तोंड बोटभर उघडतं. टोमणे बंद झाले. ती घरी आल्यावर मी पहिल्यांदा गेले, तर ओसरीवरून आवाज आला नाही. मला बरं वाटलं — हेही सांगून टाकते.

परवा मी तिला पेज भरवत होते. तिनं माझा हात धरून थांबवला. शब्द चिरडलेले, तरी कळले. "म्या अंबाडीच कमी खाल्ली असन. नाही का वं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. ना टाळ्या, ना हसणाऱ्या बायका. कुणाचीच आडकाठी नव्हती.

"असेल," मी म्हणाले, आणि पुढचा चमचा भरला.