बेंगळुरूहून आलेले चेंज हेड

आमच्या कंपनीत एका बदलाची सवय व्हायच्या आत दुसरा येऊन बसतो. कामाचं काय होतं ते सोडा, डबा खाताना सांगायला मात्र कधी कमी पडत नाही!

कंपनी सॉफ्टवेअरची, नागपूरच्या मिहानमधली. तिला वळण लावायला बेंगळुरूहून अनिरुद्ध सर आले, 'चेंज हेड' म्हणून. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "नुसती ग्रोथ नको. सस्टेनेबल हवी. टिकणारी!"

टेस्टिंगमधल्या आमच्या निनावेनं हात वर केला. "म्हणजे सर, इन्क्रिमेंट दरवर्षी भेटन?"

"इन्क्रिमेंट यंदा नाही."

"काहून सर? मंग टिकणार काय आहे?"

*

मग वरचा-खालचा भेद मिटवायला सगळ्या केबिन पाडल्या. "आता इथे कोणी बॉस नाही," सर म्हणाले. राहिली फक्त त्यांची केबिन. तिला 'फोकस रूम' अशी पाटी लागली.

आमच्या टीम लीड पराते मॅडम वयानं सगळ्यांत मोठ्या, तोंडानंही. त्यांनी फोकस रूमच्या भिंतीवर टकटक केलं. "काहून सर, साऱ्या बिल्डिंगचा भार हिच्यावरच आहे काय?"

*

पर्यावरणासाठी एसी अठ्ठावीसवर गेला. नागपुरात, मे महिन्यात! सर्व्हर रूम मात्र गारच ठेवावी लागते. हळूहळू सगळी टीम लॅपटॉप घेऊन तिथं सरकली. सर डोकावले आणि खूश झाले. "इन्फ्रास्ट्रक्चरची इतकी आवड!"

निनावे म्हणाला, "हो ना सर. इथून निघावंसंच वाटून नाही राहिलं."

*

सरांनी सर्व्हे काढला. मनातलं मोकळेपणानं लिहा, नाव कुठेच येणार नाही! दुसऱ्याच दिवशी ते निनावेजवळ आले. "तुमची उत्तरं जरा निगेटिव्ह वाटली."

"सर, ते तर निनावी होतं!"

"हो, पण इतक्या वेळा 'काहून' तुम्हीच विचारता."

सर गेल्यावर पराते मॅडम म्हणाल्या, "निनावी आन् निनावे! एका मात्रेनं फसला गा तू!"

*

शेवटी माणसं कमी करायची वेळ आली. कामावरून काढताना कसं बोलायचं, याचं टीम लीडना ट्रेनिंग ठेवलं. फोकस रूममध्ये सगळे मावेनात आणि दुसरी केबिन उरली नव्हती, म्हणून हॉलमध्येच, सगळ्यांसमोर! पराते मॅडम झाल्या मॅनेजर आणि सर झाले कर्मचारी.

शिकवलेलं वाक्य मॅडमनी म्हटलं, "हा निर्णय तुमच्याबद्दल नाही, तुमच्या पदाबद्दल आहे."

"पण तुम्ही सांगितलं ते सगळं मी केलं," सर म्हणाले. "लोकांचे शिव्याशाप घेतले. मुलीला आत्ताच इथल्या शाळेत घातलंय. घरी काय सांगू मी?"

आवाज असा फाटला, की आम्ही टाळ्याच वाजवल्या. निनावे तर उभा राहिला. "सर, एकदम ओरिजिनल!"

सरांनी चष्मा पुसला. घोटभर पाणी प्यायले.

"बरं झालं, प्रॅक्टिस झाली," ते म्हणाले. "तीन वाजता एचआरनं मलाच बोलावलंय."