चहासुराला हरवायचं कसं

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेतल्या पोरांना सुपरहिरो हवा होता. देव नको, राजे नकोत, स्वच्छतेवरचं नाटक तर मुळीच नको. पाठीवर फडका बांधून उडणारा आणि वर हसवणारा सुपरहिरो. नाटक लिहायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगते, मी गळा पुढे करूनच बसले होते. मुख्याध्यापकांनी एकच अट घातली, "मॅडम, खलनायक बिनधोक्याचा पाहिजे. मागच्या वेळेस लुटुपुटीच्या लढाईत एकाचा दात पडला, अन् पालक माझ्या टेबलापर्यंत आले."

हिरो लगेच ठरला. म्हणजे ठरली. सातवीतली सगळ्यात उंच पोरगी, पाठीवर माझी पिवळी ओढणी. गावाच्या पाण्याच्या टाकीला भगदाड पडलंय आणि ते बुजवायला ती उडत निघाली आहे, इथवर सगळं झकास. घोडं अडलं ते खलनायकापाशी. हळद चोरणारा राक्षस लिहिला, तर वर्ग जांभया देऊ लागला. सोयाबीन खाणारा परग्रहावरचा प्राणी लिहिला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ते तं रानडुकरं बी खातेत."

त्याच आठवड्यात गावाला वीज देणारी पेटी, म्हणजे आमच्या भाषेत डीपी, जळाली. गिरणी बंद, मोबाईल मेलेले. दुरुस्तीला पुसेगावहून वायरमन निघाल्याचा निरोप येऊन गेला, पण माणूस काही डीपीपाशी पोचेना. पोचणार कसा? तो आमच्या ओसरीवर बसला होता. माझ्या सासऱ्यांनी त्याला पकडला होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, गाव आबा म्हणतं. सासूबाई गेल्यापासून मामांनी एक उद्योग सुरू केला आहे. रस्त्याने जाणारा माणूस चहा पाजल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. चहा ते स्वतः करतात, आलं ठेचून, फक्कड. पण एका कपावर सुटका नसते. दुसरा कप येतो, मग नरसीच्या बाजारात हरवलेला बैल कसा सापडला ती गोष्ट येते, मग आणखी एक कप. आणि आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं, त्यामुळे कोणी उठत नाही. अलीकडे काही लोक शाळेमागच्या बोळातून जाऊ लागले होते. ते मला दिसत होतं. मामांना दिसत होतं की नाही, ते कळत नव्हतं.

"आबा, गाव माझ्या नावानं बोंबलून राहिलं," वायरमन काकुळतीला आला होता.

"बोंबलू द्या बापा. डीपी कुठं पळून चालली? घोटभर घ्या."

आत मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी मी उलटली नाही, कारण खलनायक सापडला होता! ना तलवार, ना विष, हातात फक्त कपबशी. हिरो गाव वाचवायला निघाली की हा ओसरीवरून म्हणणार, "चहा तरी घेऊन जा," आणि ती महाशक्तिमान पोरगी गपकन खाली बसणार, कारण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? स्कूटीवरून शाळेत जाताना मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. लोकांनी वळून पाहिलं, खुशाल पाहू देत.

त्याचं नाव ठेवलं चहासूर. लिहिताना मला इतका आनंद होत होता की वह्या तपासायच्या राहून गेल्या. एक गोष्ट मात्र जपली. आपण वाईट वागतोय असं चहासुराला एकदाही वाटू दिलं नाही. त्याच्या मते गावाला खरा धोका टाकीच्या भगदाडाचा नाही, घाईचा आहे, आणि त्यातून तोच सगळ्यांना वाचवतोय. खलनायकाचं स्वतःचं म्हणणं पक्कं असलं की त्याचा राग येत नाही, उलट त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं. शेवटी सगळं गाव एका सुरात "नको!" म्हणतं, निघून जातं, हिरो सुटते, चहासूर भरल्या किटलीशेजारी एकटा उरतो आणि पडदा पडतो. मला तो शेवट भलताच आवडला होता.

पहिल्या वाचनाला अर्धं पानही झालं नसेल, तोच वर्ग ओरडला, "मॅडम, हे तं आबा हायेत!" कोणी आबा नाहीत, गप्प बसा, असं म्हणेपर्यंत मधली सुट्टी झाली आणि बातमी गावभर. चोराच्या मनात चांदणं, त्या दिवशी घरी जाताना मीही बोळातूनच गेले.

मामा ओसरीवर वाटच बघत होते. "बाई, माह्यावर नाटक लिहिलं म्हणे?"

"तसं नाही मामा. काल्पनिक आहे ते."

"काल्पनिक माणसाला आलं ठेचता येतं का? मीच करतो ते काम. लेकरायला न्हाई जमायचं."

मग काय विचारता! तालमीला मामा घरून शेगडी, किटली, आलं, सगळं घेऊन येत. संवाद एकदा ऐकले की पाठ. रागवायला आलेले मुख्याध्यापकही कप हातात घेऊन बैलाची गोष्ट ऐकत बसले. एवढी मजा मला शाळेत कधी आली नव्हती.

शेवटचा प्रवेश आम्ही सगळ्यात उशिरा बसवला. पोरं जोरात "नको!" म्हणाली आणि धावत निघून गेली. मामा किटली धरून उभे राहिले.

"मंग मी काय करायचं?"

"काही नाही मामा. पडदा पडतो."

"बराबर," ते म्हणाले आणि शेगडी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आवाज नव्हता. मामा नेहमीच्या जागी बसले होते. माणसं जात होती, ते बघत होते, हाक मारत नव्हते. आत चहाचं आधणही नव्हतं. मी म्हटलं, "मामा, शेवट बदलते मी."

"काहून? ऱ्हाऊ द्या हाय तोच. लोकायला कामं असतेत. मलेच कळत नव्हतं."

त्यानंतर एकाही सकाळी त्यांनी कोणाला बोलावलं नाही. मी वेड्यासारखी शेवटामागून शेवट लिहीत सुटले. हिरो जिंकली की मामा एकटे. मामा जिंकले की गाव पाण्यात. काही केल्या जमेना, आणि संमेलनाचा दिवस उजाडला तरी जुनाच शेवट हातात होता.

दुपारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मामांनी धमाल उडवली. उडत आलेली हिरो ओसरीवर अडकली तेव्हा बायका डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. मग गाव "नको!" म्हणालं, निघून गेलं, आणि मामा किटली घेऊन मध्यभागी उरले. मंडपातलं हसू थांबलं. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. मला ती ओढवेना.

तेवढ्यात आमची हिरो विंगेतून परत आली. असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मामांसमोर बसून म्हणाली, "आबा, मला अर्धा कप द्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ओतला, तिनं फुंकून फुंकून प्यायला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं तिनं कप पुन्हा पुढे केला. मामांनी किटली पाठीमागे घेतली.

"न्हाई. टाकी फुटून राहिली पोरी. पळ तू."

तिच्या ओढणीची गाठ सैल झाली होती. ती त्यांनी घट्ट बांधून दिली. पोरगी विंगेत गेलीच नाही, स्टेजवरून थेट प्रेक्षकांत उडी मारून मंडपाबाहेर सुसाट पळाली. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मी दोरी सोडून टाळ्या वाजवत होते, रडत होते, आणि पडदा कोणी पाडला ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या सकाळी पिठात हात तसेच ठेवून मी ओसरीकडे कान लावला. लांबून दूधवाल्याची मोटरसायकल येत होती. ती दारासमोर आली, आणि मामांचा आवाज आला, "ओ दूधवाले! गाडी बंद नका करू. अर्धाच कप हाय. घ्या अन् निघा."

दूधवाल्यानं गाडी बंद केली.