आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. आयुष्यभर कोल्हापुरात हायस्कूलच्या पोरांना विज्ञान शिकवलं. जोतिबाच्या यात्रेत कुणाच्या अंगात आलं की मी नाडी बघायला पुढे व्हायचो, म्हणून घरच्यांनी मला यात्रेला न्यायचंच बंद केलं. या सदरातले अनुभव मी वाचतो, पण बहुतेक वेळा गालातल्या गालात हसत. तरी आज लिहायला बसलोय. माझ्या बाबतीत जे झालं त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हळहळ मात्र इतकी वर्षं झाली तरी जात नाही.

माझी थोरली मावशी, इंदूमावशी. आई तिला आक्का म्हणायची. कोल्हापुरात स्टुडिओ जोरात चालायचे त्या काळात ती सिनेमात घोळक्यातली कामं करायची — पाणवठ्यावरची बाई, लग्नातली करवली, असली. मोठी भूमिका तिला एकदाच मिळाली. विनोदी सिनेमा होता. नाव सांगत नाही, निर्मात्याच्या घरचे लोक अजून गावात आहेत. गोष्ट साधी. एका सडाफटिंग मास्तराला कुणी खोली देत नाही, म्हणून तो गंगावेशीत म्हशीची धार काढून दूध विकणाऱ्या बाईला चार दिवसांपुरती बायको म्हणून उभी करतो. घरमालक चौकशा करतो आणि ही बाई दर वेळी घोळ घालते. ती म्हैसवाली म्हणजे मावशी.

सिनेमा तयार झाला आणि निर्मात्याला वाटलं, हिचा आवाज घोगरा, बोलणं रांगडं… पुण्या-मुंबईकडचे लोक नाकं मुरडतील. मग तिचं सगळं बोलणं दुसऱ्या एका बाईकडून भरून घेतलं. तिला विचारलंसुद्धा नाही. आता म्हैसवाली पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायला लागली, तिचे ओठ एक म्हणायचे आणि कानावर दुसरंच यायचं. तरी सिनेमा चालला. मावशीला पुढे कुणी बोलावलं नाही. ती म्हणायची, "माझं त्वांड तेवढं घिऊन गेली बग. आवाज ठिवला हितंच." हे ती हसत सांगायची, पण दर सणावाराला सांगायची.

नव्वदच्या दशकात एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात अर्धी गल्ली येऊन बसली. सिनेमा पुन्हा कधी बघायला मिळेल म्हणून मी भाड्यानं व्हीसीआर आणून तो टेप करायला लावला. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिचा पहिला प्रसंग आला, ती परकी शुद्ध बाई बोलायला लागली, आणि मावशी मला म्हणाली, "आवाज बंद कर रं."

मी केला. आणि मावशीनं तिचं सगळं बोलणं स्वतः म्हटलं, जसं तिनं शूटिंगला म्हटलं होतं तसं. एकेका शब्दाला ओठ बरोब्बर जुळत होते. माणसं हसून हसून लोळली. तिचं एक गाणं होतं, तेही तिनंच म्हटलं, बेसूर आणि झकास. सिनेमा संपल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एकदा तरी थेटरातल्या लोकांनी हे आइकाय पायजे हुतं." आणि चहा टाकायला उठली. पुढे दोनेक वर्षांत ती हृदयविकारानं गेली.

मग आलं दोन हजारचं दशक. आमचा हौशी नाटकवाल्यांचा एक ग्रुप होता, मी पेटी वाजवायचो, चाली लावायचो. त्या सिनेमाचं संगीत नाटक करायची कल्पना माझीच. दिग्दर्शक तरुण होता, त्याला सगळं आजच्या प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं होतं. घरमालकाचा त्यानं सोसायटीचा चेअरमन केला, मास्तराचा कॉम्प्युटर क्लासवाला केला, मला ते आवडलं. पण तो म्हणाला, "सर, म्हैसवाली कोण बघणार आता? ब्यूटी पार्लरवाली करू या की." मी भडकलो. म्हटलं, "संध्याकाळी गंगावेशीत जा. पोरं मोटारसायकली आडव्या लावून कट्ट्यावर धारोष्ण दूध पित्यात. म्हैस न्हाय तर मी न्हाय." म्हैस राहिली.

माझा हेतू एवढाच होता की मावशी जे बोलायची ते एकदा रंगमंचावरून लोकांच्या कानावर पडावं. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, तिचे शब्द मला आठवतच नाहीत. त्या दुपारी आम्ही इतके हसलो होतो की धड ऐकलंच नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "हसून हसून पोटात दुखाय लागलं हुतं, एवढंच ध्यानात हाय बाबा." शेवटी कॅसेटवरून ती शुद्ध वाक्यंच उतरवून घेतली. पुढे त्यांची कोल्हापुरी करायचा प्रयत्नही केला, पण ती वाचताना मलाच जांभया यायच्या, म्हणून सोडून दिला.

म्हैसवालीचं काम मीनलला दिलं. ही मूळची नागपूरची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कोल्हापुरात आलेली, शाहूपुरीत राहायची. गळा गोड होता, पण बोलणं पक्कं नागपुरी. आम्ही तिची सारखी थट्टा करायचो, तीही आमची करायची. चालणं, पदर खोचणं, हात उडवणं बघून घ्यावं म्हणून मी तिला ती कॅसेट दिली. बजावून सांगितलं, "बोलणं घेऊ नकोस, ते तिचं नाही." मावशीची बाकीची हकीकत मी तिला सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. नाटक करण्यामागे माझं घरगुती कारण आहे हे सांगायला लाज वाटत होती.

तालमी एका कुस्तीच्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये चालायच्या. खाली पैलवानांचे जोर, वर आमची गाणी. साधीसुधी संध्याकाळ होती, उजेड होता. चेअरमनचा प्रवेश सुरू झाला. तो विचारतो, "किती वर्षं झाली लग्नाला?" आणि संहितेत तिचं उत्तर होतं, "दोन वर्षं झाली, नाही का हो?"

मीनलनं पदर खोचला. खोट्या नवऱ्याकडे मान वळवली. आणि घोगऱ्या, भरड आवाजात म्हणाली, "दोन वर्सं झाली की. न्हवं का वो, पावणं?"

हॉल हशानं फुटला. चेअरमनसमोर ही बया स्वतःच्या नवऱ्याला पावणं म्हणते… चेअरमनचं काम करणारा तर हसत खालीच बसला. माझं बोट पेटीच्या पट्टीवर तसंच राहिलं. कारण ते वाक्य कानावर पडताक्षणी मला आठवलं — हेच. हेच मावशी म्हणाली होती, आणि ह्याच आवाजात. पुढचा सगळा प्रवेश ती तशीच बोलली. एकेक शब्द येत होता आणि आल्यावर मला ओळखू येत होता. वाक्य संपताना मावशी नाकातून एक बारीक "हं" काढायची, तोसुद्धा आला. माझ्या अंगावर काटा आला म्हणून लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मला नुसता आनंद झाला.

पेटीशेजारी टेपरेकॉर्डर होता. गाण्यांसाठी आत कोरी कॅसेटही घातलेली होती. एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही… मला वाटलं, आता काय, रोजच ऐकायचंय.

तालीम सुटल्यावर मी मीनलला विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"कॅसेटमधूनच ना सर. तुम्ही म्हणाले होते बोलणं घेऊ नको, पण ती बाई इतकं मस्त बोलून राहिली ना, मी तसंच उचललं. चालेल ना?"

मी चालेल म्हटलं.

घरी आई लसूण सोलत होती. मी तिला ते वाक्य नुसतं सांगितलं. तिचे हात थांबले. "पुन्यांदा म्हण," म्हणाली. मी म्हटलं. "व्हय… आक्काच ही. न्हवं का वो पावणं. तुला कुठनं आठवलं?" मी सगळं सांगितलं, आवाजाचंही. ती लगेच उठली. आमच्या कोल्हापुरी बायका स्वतःबद्दलही पुरुषासारखंच बोलतात, तसं म्हणाली, "मी येतो. चल आत्ताच, त्या पोरीच्या घरी जाऊया. माझ्याम्होरं एकदा म्हणू दे तिला."

मी म्हटलं, आत्ता बरं दिसत नाही. उद्या संध्याकाळी तालमीला नेतो. त्याआधी मी एकदा ती कॅसेट बघून येतो, काहीतरी साधं कारण असणार.

"कारण कशाला पायजे?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाहूपुरीत मीनलकडे गेलो. तिचा नवरा बँकेत निघायच्या गडबडीत होता. कॅसेट लावली. तो प्रवेश आला. मावशीनं मान वळवली आणि ती शुद्ध, नाजूक बाई बोलली, "दोन वर्षं झाली, नाही का हो?"

मीनलला आधी वाटलं मी दुसरी कॅसेट आणली. तिच्या घरात होती तीच आहे म्हटल्यावर तिनं मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. ती हळूच खाली बसली. "ही नाही सर. ही कोण आहे? मी हिला कधीच नाही ऐकलं." नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी आतल्या खोलीत असायचो. हिचं हसणं तेवढं ऐकू यायचं."

इथं थांबायला हवं होतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिला तो तुकडा परत परत दाखवला. "हे बघ, 'पावणं' म्हणताना ओठ मिटतात. तू ओठ वाचले असशील." ती मान हलवत राहिली. मी पुन्हा लावला, आणखी पुन्हा लावला. प्रत्येक वेळी ती शुद्ध बाई तिच्या कानात शिरत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घरी येताना आणखी एक सुचलं. ही तीच कॅसेट होती, त्या दुपारी मावशी बोलत असताना आमच्या खोलीत फिरत असलेली. पण व्हीसीआर आवाज वायरीतून घेतो, खोलीतला घेत नाही. त्याला माइकच नव्हता. हे मी पोरांना शिकवलेलं आहे.

संध्याकाळी आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं. रिक्षानं आलो. तालमीचा जिना ती भिंतीला हात लावत चढली आणि अगदी पुढं खुर्चीवर बसली. मी सगळ्यांना सांगितलं, आईला हा प्रवेश बघायचाय. टेपरेकॉर्डर या वेळी चालू केला.

मीनल म्हणाली, "दोन वर्सं झाली की. न्हवं का वो, पावणं?" शब्द सगळे बरोबर होते. आवाज तिचा स्वतःचा होता, गोड. दिग्दर्शक म्हणाला, "कालच्यासारखं म्हण की." तिनं घसा भरड करून बघितला, खोकली. परत म्हटलं, तर त्या शुद्ध बाईसारखं झालं. "जमून नाही राहिलं हो," म्हणाली आणि रडायलाच लागली. आईनं तिला जवळ बोलावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. "रडू नगंस. चांगली म्हणत्यास की."

तो आवाज पुन्हा आला नाही. ना तालमीत, ना प्रयोगात. नाटकाचे प्रयोग बरे झाले. "पावणं"ला दर वेळी हशा यायचा, लोक दाद द्यायचे, आणि मी पेटीवर मान खाली घालून बसायचो. पुढे मीनलच्या नवऱ्याची बदली झाली आणि ग्रुपही पांगला. ओठ वाचले म्हणावं, तर तो "हं" ओठांत दिसत नाही. माझ्याच मनाचा खेळ म्हणावं, तर आईनं वाक्य ओळखलं आणि ग्रुपच्या सगळ्यांनी आवाज ऐकला. मी बऱ्याच वाटांनी विचार करून पाहिला. उत्तर नाही, आणि आता त्याची फारशी पर्वाही राहिली नाही. मावशीला लोकांपर्यंत पोचायला कशी कोण जाणे एक वाट मिळाली होती, आणि तिथं मी कारण विचारत उभा राहिलो. एवढंच मनात राहतं.

आई तालमीला आली होती त्या संध्याकाळची गोष्ट. घरी जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "काल तू आइकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मग तूच म्हण. तिनं म्हटलं तसं."

मी घास खाली ठेवला. घसा खाकरला आणि म्हटलं. आई डोळे मिटून ऐकत होती. ते माझंच बोलणं होतं, मास्तराचं. पुन्हा एकदा म्हटलं, जरा घोगरं काढून. आईनं डोळे उघडले, माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेव."