फ्रिजशी बोलणारा भाऊ

लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वाकडं आहे, माफ करावं. चौथीनंतर पेन धरला तो फक्त सही करायला.

कोहमाऱ्याहून फ्रिज दुरुस्त करायला येणारा भाऊ माणसांच्या तोंडाकडे बघत नाही. मीही लाजरी. म्हणून आम्ही दोघं फ्रिजकडे बघूनच बोलतो. दाराला कान लावून तो विचारतो, "कायले कुरकुर करून राहिला रे?" आणि उत्तर मी देते, जसा काही मीच फ्रिज.

या खेपेला फ्रिज थंड होईना, आतला पंखा कटकट करी. ढाब्यावर द्यायचं माझं दही आंबून वाया जात होतं. आवाज ऐकून त्यानं नव्या पंख्याचे आठशे रुपये आगाऊ घेतले. ते सासूबाईंनी दिले, "हिच्या हाती मशीनबी टिकत नाही" असं ऐकवून.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रीजरचं मागचं झाकण काढलं, तर पंखा बर्फात रुतलेला. वर्षभर पुरावेत म्हणून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे दाणे मी पिशव्या भरभरून कोंबले होते. त्यामुळे दार पुरतं लागतच नव्हतं आणि बाहेरची हवा शिरून बर्फ साचला होता. मला तर त्याच फ्रीजरमध्ये शिरून बसावंसं वाटलं.

"काय झालं जी?" सासूबाई दारात आल्या.

पिशव्या गुपचूप माझ्या हाती देत तो फ्रिजलाच म्हणाला, "पंखा ठणठणीत हाये, माय. मीच गलत समजलो."

कोमट पाण्यानं त्यानं बर्फ उतरवला. पंखा फिरला. मग त्यानं खिशातून आठशेच्या आठशे रुपये काढून सासूबाईंच्या हातावर ठेवले.